गळतीचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या उपदेशात शहाणपण असेलही. परंतु तो करणाऱ्याच्या दारात जुनी जीपगाडी उभी नसावी. गाडीखालच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढा तेलाचा डाग उमटू लागला आणि आठवड्याभरात त्याची बशी झाली, की मूळ शोधण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्यातही ती गळती ट्रान्स्फर केसची असेल, तर हा शोध वाटतो तितका सोपा नसतो. वाङ्मयीन त्रैमासिकात ट्रान्स्फर केसवर लिहिणे काहींना विचित्र वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात कार्यकारणभावाचा जो धडा मला कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळाला, तो सेमिनरीतील तर्कशास्त्राच्या वर्गातही तितक्या स्पष्टपणे मिळाला नव्हता. म्हणून हे धाडस.

प्रथम ही वस्तू म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून दोनच चाकांकडे जाते. चारही चाके ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सच्या पाठीमागे बिडाची आणखी एक पेटी जोडलेली असते. तिच्यातील दातेरी चाके त्या शक्तीचे दोन वाटे करतात. एक दांडा पुढच्या धुरीकडे जातो, दुसरा मागच्या. चालकाच्या पायाजवळील आखूड दांड्याने पुढची चाके जोडता वा सोडता येतात आणि चिखलात किंवा खड्या चढणीवर गाडीला आणखी धिमा पण जोरकस गिअरही देता येतो. ही वाटणी करणारी पेटी म्हणजे ट्रान्स्फर केस. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, विलिज आणि फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. त्यांत स्पायसर कंपनीची ‘मॉडेल १८’ या नावाची पेटी असे. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि त्या घराण्याच्या गाड्या आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. आराखडा इतका साधा आणि दणकट होता, की युद्धासाठी काढलेली ती पेटी पुढे कित्येक दशके शेताच्या बांधावरून आणि घाटांतून फिरत राहिली.

या पेटीत दीड लिटरच्या आतबाहेर गिअर ऑइल मावते. तेवढ्यात तिचा सारा संसार चालतो. ते कमी झाले तर बेअरिंगे आणि दाते कोरडे पडून आतल्या आत झिजतात, आणि चालकाला त्याचा पत्ता लागतो तो पेटी कण्हू लागल्यावर.

आमची जीप १९९० च्या दशकातली आहे. गगनबावडा आणि राधानगरीच्या डोंगराकडील विखुरलेल्या कुटुंबांना भेटावयास जाण्याकरिता ती घेतली होती. पण त्या भागात फोर-व्हील जीप असलेला माणूस हा आपोआप सगळ्यांचाच होतो. गगनबावडा हे महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक. जूनच्या मध्यापासून तिथल्या कच्च्या वाटा म्हणजे लाल चिखलाचे ओढे. वडापच्या गाड्या डांबरी सडकेवर थांबतात, त्यापुढे कोणी आजारी असेल तर डोलीत घालून आणावे लागते. अशा वेळी निरोप येतो तो आमच्या अंगणात. साप चावलेला मुलगा, झाडावरून पडलेला गडी, अडलेली बाळंतीण, हे सर्व त्या जीपच्या मागच्या बाकावर बसून वा निजून सरकारी दवाखान्यात गेलेले आहेत. कोण कोणत्या धर्माचा हे विचारायला घाटात सवड नसते.

गेल्या जुलैत एका धनगरवाड्यावरून अशाच एका गरोदर स्त्रीला आणावयाचे होते. वाट संपते तिथे चढ आहे. चढावर गाडी थांबवून मी हातब्रेक पूर्ण ओढला, आणि तिला आत घेण्यासाठी उतरणार एवढ्यात गाडी सावकाश मागे सरकू लागली. पाय ब्रेकवरच होता म्हणून बरे. एका पोराने प्रसंगावधान राखून मागच्या चाकाखाली धोंडा सरकवला. ती बाई सुखरूप दवाखान्यात पोहोचली, मुलगी झाली. मी मात्र त्या रात्री गाडीखाली बॅटरी घेऊन वाकलो, तेव्हा हातब्रेकचा ड्रम तेलाने माखलेला दिसला.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. आजच्या बहुतेक गाड्यांत हातब्रेक मागच्या चाकांवर लागतो. जुन्या घडणीच्या जीपमध्ये मात्र त्याचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागील तोंडाशी, म्हणजे मागचा दांडा जिथून बाहेर पडतो तिथेच बसविलेला असतो. त्या तोंडाचे ऑइल सील गळले, की तेल सरळ ब्रेकच्या अस्तरावर जाते. तेव्हा अंगणातील तो डाग हा केवळ अस्वच्छतेचा प्रश्न उरत नाही.

डाग तसा आम्हांला नवा नव्हता. त्या आधीच्या सहा महिन्यांत एका गॅरेजमध्ये मागचे सील तीनदा बदलून झाले होते. प्रत्येक वेळी प्रॉपेलर शाफ्ट सोडवायचा, ड्रम उतरवायचा, जुने सील उचकटून नवे ठोकायचे. सील काही शे रुपयांचे, मजुरी त्याच्या कित्येक पट. दोन-तीन आठवडे फरशी कोरडी राहायची, मग डाग परत हजर. त्या गॅरेजवाल्याला मी दोष देत नाही. आपल्या भागात धावणाऱ्या बहुसंख्य जीपसदृश गाड्या दोनच चाकांनी ओढणाऱ्या असतात. त्यांना ट्रान्स्फर केसच नसते. त्यामुळे पुष्कळ कारागिरांचा या पेटीशी वर्षाकाठी एखाददुसऱ्यांदाच संबंध येतो. डाग मागे पडतो, मागे सील आहे, म्हणून सील वाईट, असा त्यांचा हिशेब. दिसायला बिनतोड; पण ‘रोग रेड्याला आणि डाग पखालीला’ म्हणतात त्यातला.

शेवटी एका शिक्षकमित्राने उद्यमनगरातील एका वयस्क मिस्त्रींचे नाव सुचविले. कोल्हापूरचे उद्यमनगर ज्यांनी पाहिले नसेल, त्यांना या वस्तीची कल्पना देणे कठीण आहे. एका बोळात लेथ फिरत असतो, दुसऱ्यात गिअर कातले जात असतात, तिसऱ्यात कोणी ओतीव कामाच्या साच्यांची लाकडी पॅटर्ने तासत असतो. ऊस, गूळ आणि पाण्याचे पंप यांच्या गरजेतून ऑइल इंजिने बनविणारी माणसे येथे उभी राहिली. शेजारच्या एका वस्तीला वाय. पी. पोवार या उद्योजकांचे नावच दिलेले आहे. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्या वाढल्या आणि देशभरच्या वाहन कारखान्यांना कोल्हापुरात ओतलेले बीड जाऊ लागले. अशा गावात ट्रान्स्फर केसचा वैद्य मिळू नये तर कुठे मिळावा?

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी एकही नट सोडला नाही. ते गाडीखाली गेले, बोटाला तेल लावून घेतले आणि त्याचा वास घेतला. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काळेकुट्ट असते आणि त्याला करपट वास येतो. गिअर ऑइल जाड, पिवळसर, आणि त्यात दातांच्या रक्षणासाठी मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे त्याला कुजक्या अंड्याची आठवण करून देणारा उग्र दर्प असतो. हा वास ओळखणे ही निदानाची पहिली पायरी. कारण इंजिनाच्या मागच्या सीलमधून झिरपलेले तेल गिअरबॉक्सच्या पोटावरून ओघळत ट्रान्स्फर केसपर्यंत येते आणि तिथून टपकते. बिचाऱ्या पेटीवर नाहक आळ येतो. आमच्या गाडीचे तेल गिअर ऑइलच निघाले.

“आता आंघोळ,” मिस्त्री म्हणाले. डिझेल आणि ब्रश घेऊन त्यांच्या पोऱ्याने गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, तिच्या खालची आडवी पट्टी, सर्व घासून काढले. त्या पट्टीच्या खोबणीत वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेल यांचे एक पक्के पीठ बसले होते. ते निघाले तेव्हा घमेले भरले. मग हवा मारून सर्व कोरडे केले आणि त्यावर चक्क टाल्कम पावडर उडविली. लोखंडी पेटी बारशाच्या बाळासारखी दिसू लागली. “चला फादर, कळंब्याच्या तळ्यापातूर जाऊन येऊ.”

मळलेल्या गाडीवर गळती शोधू नये, हा या विद्येचा मूळ नियम. धावत्या गाडीखालून वारा वाहतो आणि तेलाला मागे मागे नेतो. शिवाय तेल खाली उतरते. म्हणून थेंब जिथे पडतो ते ठिकाण जवळपास नेहमीच फसवे असते. पांढऱ्या पावडरीवर ताज्या तेलाची रेघ स्पष्ट उमटते; ती धरून वर आणि पुढे जात राहायचे, आणि सर्वांत वरचा, सर्वांत पुढचा ओला ठिपका सापडला की तिथे थांबायचे. पेटीला तेल बाहेर यावयास वाटा पुष्कळ असतात. पुढच्या आणि मागच्या दांड्यांची सीले आहेत. गिअरचे दांडे जिथून आत शिरतात तिथली लहान सीले आहेत. तळाच्या झाकणाचे पॅकिंग, पाठीमागच्या झाकणाचे पॅकिंग, मधल्या शाफ्टचे टोक आणि स्पीडोमीटरच्या केबलचे तोंडही आहे. काही बोल्टांची भोके तर थेट पेटीच्या आतपर्यंत आरपार गेलेली असतात. त्या आट्यांना लेप न लावता बोल्ट आवळला, तर तेल आट्या-आट्यांतून चढत बाहेर येते आणि पॅकिंग बदलणारा माणूस डोके धरून बसतो. याहून लबाड गळती म्हणजे आतल्या आत होणारी. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्यामधला पडदा निकामी झाला, तर एकातले तेल दुसऱ्यात जाते. जमिनीवर थेंबही पडत नाही, एक पेटी ओसंडते आणि दुसरी उपाशी मरते. त्यासाठी दोन्हींची पातळी एकाच वेळी तपासावी लागते.

तळ्यावरून परतलो. गाडी सपाट जागेवर उभी करून मिस्त्री पुन्हा खाली गेले, मलाही त्यांनी शेजारी गोणपाटावर निजवले. पावडरीवर एक नव्हे, तीन रेघा होत्या. मागच्या दांड्यापाशी, पुढच्या दांड्यापाशी आणि वर गिअरच्या दांड्यांपाशी. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तीन सीलं एकदम म्हातारी व्हत न्हाईत, फादर. आत कायतरी कोंडलंय.”

त्यांनी तेल भरण्याचे बूच एक-एक आटा सैल केले. शेवटच्या आट्याला फुस्स असा आवाज झाला. सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी गरम हवा बाहेर आली.

पेटीच्या माथ्याकडे ब्रीदर नावाची एक बारीकशी नळी असते. नावाप्रमाणे तो तिचा श्वासमार्ग. गाडी चालली की आतले तेल आणि हवा तापते, हवा प्रसरण पावते आणि या वाटेने बाहेर पडते. गाडी थंडावली की बाहेरची हवा आत येते. आमच्या गाडीच्या ब्रीदरमध्ये लाल मातीचा खडा भाजल्यासारखा घट्ट बसला होता. वाट बंद झालेली हवा मिळेल तिथून, म्हणजे सीलच्या ओठांमधून, तेलाला पुढे घालून बाहेर पडत होती. नवे सील काय, सोन्याचे सील बसविले असते तरी ते दोन-तीन आठवड्यांत हरलेच असते. मिस्त्रींनी तार घालून तो खडा फोडला आणि तळहातावर घेऊन मला दाखविला. हरभऱ्याएवढा होता.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. खालचे बूच काढून त्यांनी तेल परातीत सोडले. ते दूध घातलेल्या चहाच्या रंगाचे होते. तापलेली पेटी ओढ्याच्या पाण्यात शिरली की एकदम थंड होते, आतली हवा आकसते. श्वासाची वाट बंद असल्याने ती सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. म्हणजे एकाच कोंडीमुळे तापताना तेल बाहेर आणि निवताना पाणी आत, असा दुहेरी व्यवहार चालला होता. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, त्यानंतर गाड्यांच्या पोटातून निघालेले असले दुधाळ तेल त्यांनी बादल्यांनी ओतले होते. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांना गंज चढविते. ते पाहून न पाहिल्यासारखे करून वरून नवे तेल घालणे म्हणजे दुखणे पोटात ठेवून अंगावर शाल पांघरणे.

सेमिनरीत आम्हांला अॅरिस्टॉटलची चार कारणे शिकविली होती आणि निकटचे कारण व मूळ कारण यांतील भेदही घोकून घेतला होता. परीक्षेत मी तो उत्तम लिहिला होता. पण तो भेद हरभऱ्याएवढ्या खड्याच्या रूपाने तळहातावर ठेवणारा गुरू मला पन्नाशीनंतर भेटला. या प्रसंगावरून प्रवचन काढण्याचा मोह माझ्या व्यवसायातील माणसाला होतोच. तो आवरून पुढे जातो, कारण मागच्या सीलचा निकाल अजून लागावयाचा आहे.

श्वास मोकळा झाला तरी मागचे तोंड गळतच राहील, असे मिस्त्रींचे म्हणणे पडले. त्यांनी दांडा हाताने वर-खाली हलवून बेअरिंगात खेळ आहे का ते पाहिले, तो नव्हता. खेळ असता, तर दांडा डगमगत फिरला असता आणि कोणतेही सील त्याने आठवड्यात चावून टाकले असते. मग ज्या गोल पृष्ठावर सीलचा ओठ टेकतो, त्यावरून त्यांनी माझे नख फिरविले. नख अडकले. तीस वर्षे एकाच जागी घासून पोलादात एक बारीक चर पडला होता. रबरासारख्या मऊ वस्तूने पोलाद कापावे याचे नवल वाटते. पण ओठाखाली अडकलेली बारीक माती हीच तिथली कानस असते. अशा चरावर नवे सील बसविणे व्यर्थ. तो भाग बदलावा, किंवा त्यावर पातळ पोलादी बाही चढवावी, किंवा सील थोडे अलीकडे बसवून ओठाला अस्पर्श जागा द्यावी. मिस्त्रींनी बाहीचा मार्ग पत्करला. बाजूच्या बोळातच ती मिळाली.

सील बसविताना ते अधिकच हळुवार झाले. सील म्हणजे वरवर पाहता रबराचे एक कडे. पण त्याच्या ओठामागे तारेची नाजूक वर्तुळाकार स्प्रिंग असते, ती ओठाला दांड्यावर अलगद दाबून धरते. स्प्रिंगची बाजू तेलाकडे हवी. ओठाला आधी तेलाचे बोट लावावे, कोरडा ओठ पहिल्याच फेरीत जळतो. हातोडीने एका कडेला ठोकले तर सील तिरपे बसते, कधी स्प्रिंगच निसटून पडते. त्यांनी योग्य मापाचे नळीचे तुकडे जमवून ठेवलेले होते. त्यावर लाकूड ठेवून चारी अंगांनी सारखे ठोके दिले. बोलता बोलता म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या काळी सील चामड्याचे असे, रात्रभर तेलात भिजत घालून सकाळी बसवीत. ही गोष्ट इतिहासाला धरून आहे. जर्मनीतील वाइनहाइम गावी फ्रॉयडनबर्ग नावाची चामडे कमावणारी जुनी पेढी होती. १९३० च्या आसपासच्या मंदीत चामड्याचा खप घटला, तेव्हा तिने मोटारींसाठी चामड्याची सीले बनविण्यास घेतली. रबर त्यानंतर आले. चपलांसाठी चामडे कमावण्यात हयाती घालविलेल्या कोल्हापूरच्या माणसांना हे ऐकून परके वाटणार नाही.

ब्रेकची अस्तरे तेल प्यालेली असल्यामुळे ती धुऊन भागले नाही, नवीच घालावी लागली. ब्रीदरला लांब रबरी नळी जोडून तिचे तोंड बॉनेटखाली उंच नेऊन ठेवले, म्हणजे ओढ्यातून जाताना चिखल तिथवर पोहोचणार नाही. नवे तेल भरले. तेही भोकाच्या खालच्या काठापर्यंतच. ‘असू दे जरा जास्त’ म्हणून काठोकाठ भरलेले तेलही गळतीला निमंत्रण देते. बिल तीन सीलांच्या जुन्या खर्चाहून कमी झाले. त्यात धुण्याची मजुरी त्यांनी लावली नव्हती. आग्रह केल्यावर पोऱ्याच्या हातात द्या म्हणाले.

पंधरा दिवसांनी गाडी दाखवावयास नेली. मधल्या काळात भुईबावडा घाट दोनदा उतरून चढलो होतो, आणि त्या धनगरवाड्याच्या चढावर मुद्दाम हातब्रेक लावून, गाडी सोडून, दहा पावले दूर उभा राहिलो होतो. ती हलली नाही. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिले. पुढचे आणि मागचे तोंड कोरडे होते. वर गिअरच्या दांड्यांपाशी मात्र तेलाचा पुसटसा ओशटपणा होता. मी तो बोटाने दाखविला आणि तेही सील बदलावे का, असे विचारले.

“थेंब पडतोय का खाली?”

पडत नव्हता.

“मग ती ओल हाय, गळती न्हवं. तेवढ्यासाठी पेटी उघडू नका. महिन्याच्या महिन्याला बूच काढून करंगळी घाला, तेल लागलं की झालं. न्हाई लागलं तर या.”

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी गाडीखाली शिरतो आणि करंगळी घालून पाहतो. आतापर्यंत तेल लागले आहे.